टाकळीच्या गोगलगाईचं वय: कपाट प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विभागातल्या जुन्या लाकडी कपाटाचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाकडे जे जे येतं त्यातलंच हे एक. काम सांगायला सोपं आहे: खण ४ ते ९ मधले जीवाश्म मोजायचे, जुन्या वहीशी ताळा घालायचा आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मराठी चिठ्ठ्या लावून व्हरांड्यात मांडायचे. "आठवडाभराचं काम आहे," असं मॅडम म्हणाल्या. हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवतो.

आज फक्त खण ४ उघडला. ओढला तर तळाची फळी वाळवीने खाल्लेली, अर्धा खण हातात आणि अर्धा कपाटात. नशिबाने दगड पडले नाहीत, चिठ्ठ्या मात्र विस्कटल्या.

८ जानेवारी, बुधवार

नमुना क्र. ४/१७. चर्टचा, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाचा, पिवळसर, कडक तुकडा, तळहातात मावेल एवढा. त्यात दोन गोगलगाई. एक अर्धी बाहेर डोकावते, दुसरीचा फक्त आडवा काप दिसतो. पहिलीचं टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे असतं, ही डावखुरी. त्यामुळे ओळखायला पुस्तक लागलं नाही, ही फायसा प्रिन्सेपी. गोड्या पाण्यातली, नागपूरच्या भूशास्त्रातली सगळ्यात जुनी ओळखीची मंडळी.

गोम अशी की हिला चिठ्ठ्या चार आहेत, एकीखाली एक चिकटवलेल्या. सगळ्यात खालची तपकिरी शाईची: फायसा प्रिन्सेपी, टाकळी, लोअर इओसीन. तिच्यावर टंकलेली: क्रिटेशियस-इओसीन. तिच्यावर बॉलपेनने: अप्पर क्रिटेशियस. सगळ्यात वर कोणीतरी पेन्सिलीने: मास्ट्रिख्टियन, पुढे प्रश्नचिन्ह. (क्रिटेशियस म्हणजे डायनोसॉरांचा शेवटचा काळ, मास्ट्रिख्टियन हा त्याचा अगदी शेवटचा तुकडा, इओसीन त्यानंतरचा.)

प्रयोगशाळेतले भाऊ चहा ठेवता ठेवता म्हणाले, "सर, या गोगलगाईचं वय काहून बदलून रायलं? माणसाची जन्मतारीख तं एकदाच लिहितेत."

उत्तर देता आलं नाही, म्हणजे भाऊंना पटेल असं देता आलं नाही. ही पाचवी चिठ्ठी मी लिहायची आहे. तिच्यात काय लिहू, हाच आता प्रकल्प.

१३ जानेवारी, सोमवार

आजची चूक नोंदवायलाच हवी. खण ५ मधले मातकट नमुने जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासले. नमुन्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईने आकडा असतो. रंग टिकला, पण शाई वाहून गेली. कळेपर्यंत सहा दगड बिननंबरी झाले होते.

बाहेरच्या माणसाला यात फारसं काही वाटणार नाही, दगड तर आहेच ना! पण कोणत्या गावच्या, कोणत्या नाल्याच्या, कोणत्या थरातून उचलला हे गेलं की जीवाश्म म्हणजे पेपरवेट. तो कोणाच्या वर होता आणि कोणाच्या खाली होता, यातच त्याची किंमत. विल्यम स्मिथला इंग्लंडात कालवे खणून घेताना नेमकं हेच दिसलं होतं: प्रत्येक थराचे शंखशिंपले वेगळे आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच. त्याच भरवशावर १८१५ मध्ये त्याने अख्ख्या देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. क्रम माहीत नसलेला शंख त्याच्याही कामाचा नव्हता.

संध्याकाळपर्यंत वहीतल्या वर्णनावरून तीन जुळले (एकाला 'कोपरा तुटका, आत स्फटिक' असं लिहिलेलं होतं, देव भलं करो लिहिणाऱ्याचं). उरलेले तीन डब्यात टाकले आणि डब्यावर लिहिलं: पत्ता नाही. पोरांना हाताळायला देऊ.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचा तिळगूळ अजून टेबलावर आहे, त्याला मुंग्याही लागल्या आहेत.

आज पहिल्या चिठ्ठीचा माग काढला. 'लोअर इओसीन' हे काही कोणी झोपेत लिहिलेलं नाही. नागपूरला १८४५ मध्ये आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर लेख प्रसिद्ध केला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्याच्या गाळातले हे शंख. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, गोगलगाई नांदल्या, मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकलं. या गाळाला इंटरट्रॅपियन म्हणतात, म्हणजे दोन ट्रॅपच्या, लाव्हाच्या थरांच्या, मधला. १८६० च्या लेखात हिस्लॉपने हे थर तृतीयक, म्हणजे टर्शरी, क्रिटेशियसनंतरचे ठरवले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना तो नाल्यात बुडून गेला. आपल्याकडे त्याचं नाव कॉलेजमुळे माहीत आहे, गोगलगाईंमुळे फार कमी जणांना.

पुढे बिरबल साहनींनी १९३४ मध्ये हाच प्रश्न पुन्हा उघडला: दख्खनचा ट्रॅप क्रिटेशियस की टर्शरी? त्यांचा कल टर्शरीकडे होता आणि आधार होता वनस्पतींचा, त्यातही ताडकुळातल्या अवशेषांचा. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलानला नीपा या खाडीकाठच्या ताडाचं फळ मिळालं होतं. नीपा युरोपात इओसीनची म्हणून प्रसिद्ध, म्हणून हे थरही तेवढेच तरुण. तर्क सरळ होता. पण नंतर नीपाच्या कुळाचे परागकण क्रिटेशियसच्या शेवटच्या थरांतही मिळाले. साक्षीदार खोटं बोलला नव्हता. तो गावात कधीपासून राहतो हेच आपल्याला चुकीचं माहीत होतं.

म्हणजे चिठ्ठी बदलली तेव्हा दगड बदलला नव्हता, साक्षीदाराचा मुक्काम बदलला होता. हे भाऊंना सांगून पाहिलं. "मंग आधीच कशाला लिवायचं?" ते म्हणाले. ठीक आहे, उद्या पुन्हा.

१७ जानेवारी, शुक्रवार

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या पोरांवर प्रयोग केला. विषय: स्टेज म्हणजे काय?

फळ्यावर कचऱ्याचा ढीग काढला. समजा गल्लीतला हा ढीग कोणी वर्षानुवर्षं उचललाच नाही (हसू आलं, त्यांना कल्पना करायला अवघड गेलं नाही). खालून वर थर. एका थरात दोन हजारांची गुलाबी नोट मिळाली. थर केव्हाचा? पोरं लगेच: नोव्हेंबर २०१६ नंतरचा. आणि मे २०२३ मध्ये ती चलनातून काढायचं जाहीर झालं, म्हणजे त्याहून फार वरच्या थरांत ती विरळ होत जाणार. आली झटकन, पसरली देशभर, ओळखायला सोपी, गेलीही लवकर. उत्तम निर्देशक जीवाश्म यालाच म्हणतात. त्याच ढिगात स्टीलचा डबा मिळाला तर? काही कळत नाही, डबा आजीच्याही काळी होता. शहर बसचं तिकीट? काळ नेमका सांगेल, पण नागपूरपुरता. पुण्याच्या ढिगाशी जुळवता येणार नाही.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, पण नोट ढिगात पहिल्यांदा दिसली म्हणजे ती त्याच दिवशी छापली असं थोडीच? आमच्या गावात तर महिन्याने आली."

हा प्रश्न मी पाच वर्षं शिकवताना स्वतःला विचारला नव्हता. एखादी प्रजाती या खोऱ्यात पहिल्यांदा दिसणं आणि ती जगात पहिल्यांदा होणं यांत अंतर असतं. म्हणून एकट्या प्रजातीवर कोणी विसंबत नाही. आल्बर्ट ओपेलने १८५६ ते १८५८ मध्ये जुरासिकसाठी हेच केलं. अनेक प्रजातींचे पल्ले एकमेकांवर कुठे चढतात ते बघून पट्टे आखले. त्याआधी आल्सिद द'ओर्बिन्यीने जीवाश्मांच्या समूहांवरून 'एताज', म्हणजे काळाचा एक मजला, ही कल्पना रुजवली. इंग्रजीत त्याचं स्टेज झालं. मला व्यक्तिशः मजला जास्त आवडतो, बिनखिडकीचा असला तरी.

२६ जानेवारी, रविवार

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशी लोकांना खुला असतो, आज त्यातला एक. पोरीला घेऊन गेलो. रांग मोठी. मुद्दाम गेलो, कारण हिस्लॉपने याच टेकडीवर वरचा ट्रॅप, खालचा ट्रॅप आणि मधे गाळाचा थर दाखवला होता. ज्या टेकडीवर १८१७ ची लढाई झाली, तिच्या पोटात एक जुनं तळं.

हातोडी नेता येत नाही, आणि नेली असती तर सैन्याच्या जवानाने विचारपूस केली असती ती वेगळी. थर काही दिसला नाही. भिंती, गवत, झाडं, फुगेवाला. पोरगी फुग्यावर खूश. मी एका कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटणारा बेसॉल्ट पाहून खूश.

परतताना टाकळीवरून आलो. जिथे गोगलगाई वेचल्या गेल्या तिथे आता घरं, फलक, ट्यूशनच्या जाहिराती. गिट्टीखदानचं नाव तेवढं सांगतं की इथे एके काळी लोक ट्रॅप फोडत होते.

३० जानेवारी, गुरुवार

आज मुद्द्याला हात घातला: मास्ट्रिख्टियन म्हणजे नेमकं कोणतं आणि कोण ठरवतं?

नाव आंद्रे द्युमोंने १८४९ मध्ये दिलं, नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट शहरावरून. तिथल्या चुनखडीतून मोसासॉरचं, एका अजस्र समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचं, प्रसिद्ध डोकं निघालं होतं. पण स्टेज सगळ्या जगाची करायची तर नुसत्या गावाने भागत नाही. मास्ट्रिख्टच्या खाणींत या काळाचा वरचाच भाग आहे, सुरुवात तिथे नाही. आणि सुरुवात ठरवल्याशिवाय स्टेज ठरतच नाही. शेवट ठरवावा लागत नाही, पुढच्या स्टेजची सुरुवात तोच आधीचीचा शेवट. हा नियम मला फार आवडतो. वहीच्या पानाला वरची एकच रेघ ओढली, खालची रेघ पुढच्या पानाची.

मग सुरुवात कुठे? जिथे गाळ न थांबता साचला, मधे तुटला नाही, नंतर दबून-मुडपून बिघडला नाही, समुद्री जीवाश्म भरपूर आहेत आणि माणसाला जाऊन बघता येतं अशी एक जागा जगभरातून निवडतात. त्या जागी कड्यातल्या एका ठरावीक पातळीवर खूण करतात. तिला लोक सोन्याचा खिळा म्हणतात, खिळा सोन्याचा नसला तरी. आधी त्या काळाचा अभ्यास करणारी उपसमिती, मग आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग मतदान करतो, साठ टक्के तरी बाजूने हवीत, आणि शेवटी भूविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संघटना शिक्का मारते. पहिला असा खिळा १९७२ मध्ये, सिल्युरियन आणि डेव्होनियनच्या हद्दीवर, आजच्या चेक देशातल्या क्लोंकला. तिथे साक्षीला एक ग्रॅप्टोलाइट, म्हणजे वसाहतीने राहणारा नामशेष समुद्री जीव, होता, मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस.

मास्ट्रिख्टियनचा खिळा नेदरलँड्सला गेलाच नाही. तो २००१ मध्ये दक्षिण-पश्चिम फ्रान्सच्या तर्सी इथल्या खाणीत ठरला. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे. आणि खिळा कोणत्या पातळीवर? अमोनाइट (वळ्यावळ्यांच्या शंखाचे नामशेष समुद्री जीव), सूक्ष्म जीव अशा वेगवेगळ्या गटांच्या बारा जैविक घटनांच्या पातळ्या काढल्या. कोणी इथे उगवतो, कोणी तिथे संपतो. सगळ्या एका रेषेत येईनात. मग त्यांची सरासरी काढली: खाणीच्या मोजमापातली ११५.२ मीटरची पातळी. हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. विश्वाच्या काळाची रेघ आणि ती सरासरीने ठरली! जुन्या पंचायतीत बांधाचा वाद असाच मिटत असे, 'चला, मधोमध'. त्यात काही लबाडी नाही. उलट एका अमोनाइटच्या मर्जीवर साऱ्या जगाने राहण्यापेक्षा हे बरं.

भाऊंना हे सांगितलं आणि पहिल्यांदाच ते चहा विसरले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मास्ट्रिख्टियनच्या पुढची पायरी डेनियन. नाव डेन्मार्कवरून, १८४७ मध्ये डेसोरने दिलेलं. गंमत म्हणजे ती बरीच वर्षं क्रिटेशियसची शेवटची स्टेज मानली जाई. तरंगत्या फोरामिनिफेराचा, म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान कवचांच्या समुद्री जिवांचा, अभ्यास झाल्यावर ती पलीकडच्या घरात, पॅलिओसीनमध्ये, गेली. आमच्या गोगलगाईचीच कथा, फक्त मोठ्या पातळीवर.

डेनियनचा खिळा ट्युनिशियातल्या एल केफला, १९९१ चा. तिथे रेघ कोणत्या नव्या प्राण्याने ओढलेली नाही. काळ्या मातीच्या तळाशी काही मिलिमीटरचा तांबूस थर आहे, त्यात इरिडियम, जमिनीत दुर्मिळ पण उल्कांत जास्त असणारा धातू. उल्का आदळल्याची धूळ. त्याच्या खाली तरंगत्या फोरामिनिफेरांची गर्दी, वर बहुतेक सगळे गायब. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. जीवाश्म सांगतात घर रिकामं झालं, इरिडियम सांगतं दार कोणत्या क्षणी लागलं.

मागच्या बाकावरच्या त्याच पोरीने विचारलं, भारतात एखादा खिळा आहे का? आहे. २०१८ मध्ये मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या लवणस्तंभावरून मेघालयन ठरलं, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतचा काळ. तिथेही जीवाश्म नाहीत, दुष्काळाची खूण आहे, ऑक्सिजनच्या समस्थानिकांत. "म्हणजे आपण मेघालयनमध्ये बसलो आहोत?" हो. ती बाकावर हात आपटून म्हणाली, "भारी!"

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता अडचण. तर्सी आणि एल केफ दोन्ही समुद्राचे. टाकळीची गोगलगाय गोड्या पाण्यातली. तिच्या तळ्यात अमोनाइट कधी आला नाही. ती समुद्राच्या घड्याळाशी थेट जुळवता येत नाही, बस तिकिटासारखी. वर ती लमेटा थरांतही, म्हणजे लाव्हाखालच्या गाळातही, सापडते आणि इंटरट्रॅपियनमध्येही. दीर्घायुषी, म्हणजे स्टीलचा डबा. आमच्या कपाटातली सगळ्यात देखणी वस्तू काळ सांगायला सगळ्यात निकामी. जरा वाईटच वाटलं.

मग नागपूरच्या थरांना वय कोणी दिलं? तीन-चार वेगळ्या वाटांनी. एक, त्याच इंटरट्रॅपियन थरांत माशांचे दात, खवले, डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळतात. डायनोसॉर असेल तर डेनियन नाही. दुसरी वाट, वरखालच्या लाव्हाचं किरणोत्सारी मोजमाप. तिसरी, लाव्हात गोठलेली पृथ्वीच्या चुंबकाची दिशा. ट्रॅपचा मोठा भाग २९आर नावाच्या उलट्या चुंबकाच्या काळात साचला, आणि क्रिटेशियस-पॅलिओसीनची हद्द त्याच काळात पडते. एवढ्या मोठ्या घटनेला चुंबकाने आपलं एकच खातं लावून ठेवलंय, हद्दीच्या अलीकडे की पलीकडे हे त्यावरून कळत नाही.

चौथी वाट मला सगळ्यात आवडली. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला इंटरट्रॅपियन थरांत तरंगते फोरामिनिफेरा मिळाले. मध्य भारताच्या मध्यावर समुद्री जीव! गेर्टा केलर आणि भारतीय सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास. त्यांतली एक प्रजाती पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना, हद्दीनंतर थोड्याच काळात उगवणारी आणि लवकरच संपणारी. दोन हजारांची नोटच. तिच्यावरून झिलमिलीचा तो थर डेनियनच्या अगदी सुरुवातीचा ठरतो. म्हणजे समुद्राचं बोट लाव्हाच्या मैदानात कुठवर तरी आत आलं होतं.

पण थांबा. झिलमिली डेनियन म्हणून टाकळी डेनियन होत नाही. मधला गाळ वेगवेगळ्या लाव्हांच्या मधला असू शकतो, एक तळं आधीचं, एक नंतरचं. मी स्वतः खण ६ च्या एका चिठ्ठीवर घाईत 'डेनियन' लिहून टाकलं होतं, फक्त छिंदवाडा वाचून. खोडलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. घरी बसून चिठ्ठ्यांचे मजकूर लिहिले. मराठीत स्टेजला काय म्हणायचं यावर बायकोशी अर्धा तास. ती शाळेत शिकवते, म्हणाली 'टप्पा'. मी म्हटलं टप्पा बसचा असतो. ती म्हणाली, 'मग पायरी'. पायरी बरी आहे, पण क्रिटेशियसची बारावी पायरी म्हटलं की पाय घसरतो. शेवटी 'स्टेज' असंच ठेवलं आणि खाली एक ओळ: जगभर मान्य असलेला काळाचा एक मजला. द'ओर्बिन्यीला न्याय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकूण नमुने १४३, वहीत नोंद १५१. आठ कुठे गेले हे विचारलं तर सगळे छताकडे बघतात. उद्या महाशिवरात्र, तेव्हा आजच काचा पुसून घेतल्या. शिपायाने काचेवर कागद ठेवून त्यावर नाश्ता केला, तर्रीचा गोल डाग राहिलाय, 'इथे जीवाश्म होता' असं लिहिण्याचा मोह आवरला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी असूनही आलो. ४/१७ ची पाचवी चिठ्ठी.

आधीच्या चारही चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत, असं ठरवलं. भाऊंनी त्या एकाखाली एक, थोड्या सरकवून, पारदर्शक पाकिटात घातल्या, म्हणजे चारही तारखांची शाई दिसते. नवी चिठ्ठी अशी:

फायसा प्रिन्सेपी, डावखुरी गोगलगाय. स्थळ: टाकळी, नागपूर. थर: दोन लाव्हांमधला गोड्या पाण्याचा गाळ. वय: मास्ट्रिख्टियन, क्रिटेशियसची शेवटची स्टेज, शंखावरून नव्हे, सोबतच्या इतर जीवाश्मांवरून आणि लाव्हावरून.

पहिल्या तीन ओळी न पुसणाऱ्या काळ्या शाईने लिहिल्या. वयाची ओळ पेन्सिलीने.

भाऊंनी भिंगातून वाचलं. "ही खोडायची हाय का?"

"कधीतरी."

"मंग खोडरबर खणातच ठेवतो," म्हणाले, आणि खरंच ठेवला.